गाठ पसरते ती कशाने?



मागच्या वेळी आपण छातीतली गाठ आपल्याच हाताने कशी चाचपायची ते बोललो होतो. त्यानंतर जे फोन आले, त्यांतले बरेचसे एकाच गोष्टीवर होते. सिंदेवाहीकडून एका आजीने विचारलं, धानोऱ्याकडून एका सुनेने विचारलं, शब्द मात्र जवळजवळ तेच, "गाठीले सुई लावली का ते बिथरते म्हणतेत, खरं हाय का जी ताई?" एकीने तर सांगितलं की तिच्या जावेला डॉक्टरांनी तपासणीसाठी तुकडा काढायला बोलावलं होतं, पण घरच्यांनी गाडीत बसूच दिलं नाही.

आम्हाला हा प्रश्न नवा नाही. आमच्याच गटातल्या एका मावशीला माघात गाठ लागली. दुखत नव्हती. मोह वेचून झाला की जाऊ म्हणाली. मग तेंदूपत्ता आला, चार पैसे हातात येतात ते दिवस, कोण सोडणार? मग पऱ्हे टाकले, मग रोवणी लागली. आणि कामाच्या आड खरी गोष्ट दडलेली होती ती वेगळीच. कुणीतरी तिला सांगितलं होतं, हात लावू नको, सुई लावली की अंगभर पसरते. पोळा झाल्यावर ती दवाखान्यात गेली. तोपर्यंत सात महिने गेले होते आणि काखेतही गाठ आली होती.

म्हणून आज याच एका प्रश्नावर नीट बोलू. गाठ पसरते ती कशाने? सुईने नाही, तर मग कशाने?

याचं उत्तर शोधताना डॉक्टरांनी बरीच वर्षं फक्त गाठीकडेच पाहिलं. गाठीतल्या पेशी किती वाईट, किती भराभर वाढणाऱ्या, एवढंच. तेही खरं आहे. पण गाठ काही हवेत लोंबकळत नसते. ती आपल्या मांसात, चरबीत, रक्ताच्या नसांत बसलेली असते, आणि ती पसरणार की नाही, यात या शेजाऱ्यांचाही हात असतो.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट मांडली ती १८८९ मध्ये, लंडनच्या एका सर्जनने. त्याचं नाव स्टीफन पेजेट. स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ बायकांच्या नोंदी त्याने गोळा केल्या आणि कॅन्सर कुठे कुठे गेला होता ते मोजत बसला. २४१ जणींच्या यकृतात कॅन्सर सापडला. प्लीहेत, म्हणजे पोटात डावीकडे जी पानथरी असते तिथे, फक्त १७ जणींच्या. आता रक्त तर दोन्हीकडे जातं, पानथरीलाही भरपूर जातं. रक्ताबरोबर वाहत आलेल्या पेशी नुसत्या जिथे पोचल्या तिथे उगवत असत्या, तर दोन्हीकडे सारख्याच उगवायला हव्या होत्या. पेजेटने म्हटलं, हे बियांसारखं आहे. झाडाचं बी चारी दिशांना उडतं, पण रुजतं ते त्याला मानवणाऱ्या जमिनीतच.

हे लंडनच्या डॉक्टरला सुचलं याचं आम्हाला जरा हसूच आलं, कारण हे तर आपल्याकडच्या कुठल्याही बाईला न शिकता कळतं. तेच धान कन्हार जमिनीत कसं येतं आणि बरडात कसं येतं, हे आपल्याला पुस्तकात वाचावं लागत नाही. पण डॉक्टरी जगाने पेजेटचं म्हणणं जवळजवळ शंभर वर्षं बाजूला ठेवलं. गेल्या ४०–५० वर्षांत मात्र त्याच्यावर जोरात काम झालं, आणि ही 'जमीन' म्हणजे नेमकं काय ते बरंच उलगडलं.

आता स्तनाच्या आत काय असतं ते पाहू. दूध तयार करणाऱ्या गाठोळ्या असतात आणि ते दूध बोंडापर्यंत आणणाऱ्या बारीक नळ्या. कॅन्सर बहुतेक वेळा या नळ्यांच्या किंवा गाठोळ्यांच्या आतल्या अस्तरात सुरू होतो. प्रत्येक नळीभोवती एक पातळ पडदा असतो, बांधीला धुरा असतो तसा. बिघडलेल्या पेशी जोवर या पडद्याच्या आत आहेत तोवर त्या अंगात दुसरीकडे जाऊ शकत नाहीत. त्या वेळी सापडल्या तर जवळपास प्रत्येक बाई वाचते. धुरा फुटला की मग त्या बाहेरच्या मांसात येतात आणि खरा खेळ तिथून सुरू होतो.

बाहेर कोण कोण भेटतं? चरबी भेटते, रक्ताच्या नसा भेटतात, धागे विणणाऱ्या पेशी भेटतात, आणि रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी भेटतात. धागे विणणाऱ्या पेशींचं एरवीचं काम जखम भरणं. विळा लागला, कातडी फाटली की याच पेशी येऊन धागे विणतात, रक्ताच्या नव्या नसा फुटतात, सफाई करणाऱ्या पेशी मेलेलं मांस खाऊन टाकतात, आणि काम झालं की सगळे आपापल्या घरी जातात. अमेरिकेतले डॉक्टर हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ मध्ये लिहिलं की कॅन्सरची गाठ म्हणजे कधीच न भरणारी जखम. शरीराला वाटतं इथे जखम झाली आहे. ते मदत पाठवतं. पण इथे काम कधी संपतच नाही. मदतीला आलेले तिथेच मुक्काम ठोकतात आणि हळूहळू गाठीच्या चाकरीला लागतात.

धागे विणणाऱ्या पेशी इतके धागे विणतात की ती जागा घट्ट होते. मागच्या वेळी आम्ही सांगितलं होतं की कॅन्सरची गाठ बहुधा कडक लागते. ते कडकपण बरंचसं या धाग्यांचं असतं. हाताला लागते ती नुसती कॅन्सरच्या पेशींची रास नसते, तिच्याभोवती जमलेलं सगळं बिऱ्हाड लागतं. हे धागे पुढे पुढे ताणून सरळ होतात आणि कॅन्सरच्या पेशी त्यांच्यावरून बाहेर सरकतात, जंगलात गुरांच्या पायवाटेवरून आपण चालतो तशा. नव्या फुटलेल्या रक्ताच्या नसाही कच्च्या असतात, झिरपणाऱ्या. त्यांच्या भिंतीतून आत शिरणं सोपं जातं.

सफाई करणाऱ्या पेशींची गोष्ट सगळ्यांत चमत्कारिक आहे. या पेशींनी खरं तर कॅन्सरची पेशी खाऊन टाकायला हवी. सुरुवातीला त्या तसं करतातही. पण गाठीतून जे रस सुटतात त्यांनी त्यांची मती फिरते. मग त्याच पेशी गाठीला खत घालतात, आणि रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून जणू फटक उघडून धरतात. स्तनाच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना शास्त्रज्ञांना अशी त्रिकुटं दिसली आहेत, एक कॅन्सरची पेशी, एक सफाईवाली पेशी आणि एक नसेची पेशी, तिघी एकमेकींना लागून. अशी त्रिकुटं ज्या गाठीत जास्त, तिथे रोग दूर जाण्याचा धोका जास्त.

मग आपले जागलीवरचे कुठे गेले? रानडुकरांपासून धान राखायला आपली माणसं रात्री जागलीला बसतात ना, तसे शरीरातही जागले आहेत. त्यांना टी पेशी म्हणतात. परकी, बिघडलेली पेशी ओळखायची आणि मारायची हेच त्यांचं काम. काही गाठींत हे जागले मोठ्या संख्येने शिरलेले दिसतात. विशेषतः स्तनाच्या कॅन्सरचा जो एक आक्रमक प्रकार आहे, ज्याला डॉक्टर 'ट्रिपल निगेटिव्ह' म्हणतात, त्यात गाठीत जागले जास्त असतील तर बाई बरी होण्याची शक्यता जास्त असते. आपल्या देशात हा प्रकार पाश्चात्य देशांपेक्षा जास्त दिसतो, म्हणून हे नाव लक्षात ठेवा.

पण जागल्यांनाही एक लगाम असतो. तो चांगल्यासाठीच आहे, नाहीतर ते आपल्याच अंगावर उठतील. कॅन्सरची पेशी काय करते, तर जागल्याचा हा लगामच हातात धरते. जागल्या समोर उभा आहे, पण त्याचा हात उठत नाही. हा लगाम काढून घ्यायची वाट ज्यांनी दाखवली त्या जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो या दोघांना २०१८ चं नोबेल मिळालं. त्यातून निघालेली इंजेक्शनं आज ट्रिपल निगेटिव्हच्या काही रुग्णांना देतात. ती सगळ्यांच्या कामाची नाहीत आणि फार महाग आहेत.

इथे एक सांगायलाच हवं. आठवडी बाजारात आणि आता मोबाइलवरही 'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणून चूर्णं, काढे, डबे विकले जातात. कॅन्सरच्या बाईला तर हमखास. आत्ता जे ऐकलंत त्यावरून तुम्हीच विचार करा. शक्ती कमी पडली म्हणून जागले हरत नाहीत, त्यांना फसवलेलं असतं, बांधलेलं असतं. काहींना तर गाठीनेच आपल्या बाजूला वळवलेलं असतं. डब्यातल्या चूर्णाने त्यांची गाठ सुटत नाही. केमो चालू असताना अशी औषधं घेतली तर काही वेळा केमोच्या औषधाशी त्यांचं जमत नाही आणि यकृताला त्रास होतो. घेत असाल तर निदान डॉक्टरांपासून लपवू नका.

आता काखेकडे या. पायाला काटा रुतून पिकला की जांघेत अवधाण येतं, हे आपण सगळ्यांनी भोगलं आहे. ते अवधाण म्हणजे जागल्यांची चौकी. शरीरभर रक्ताच्या नसांबरोबर आणखी एक बारीक पाटांचं जाळं असतं, त्यातून पाण्यासारखा रस वाहतो, आणि त्या पाटांवर ठिकठिकाणी या चौक्या. स्तनाची मुख्य चौकी काखेत आहे. म्हणून गाठीतून सुटलेल्या पेशी बहुतेकदा आधी काखेत सापडतात, आणि म्हणून स्तन तपासताना डॉक्टर किंवा सिस्टर काखेत बोटं घालून पाहतात. लाजू नका, ते सर्वांत महत्त्वाचं पाहणं आहे. ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढून तपासतात तेही याचसाठी, चौकीपर्यंत कुणी पोचलं होतं का ते कळावं म्हणून.

चौकी ओलांडून, किंवा थेट रक्तातून, ज्या पेशी दूर जातात त्यांतल्या बहुतेक वाटेतच मरतात. हे ऐकून आम्हाला बरं वाटलं होतं, तुम्हालाही वाटावं. रक्ताच्या लोंढ्यात त्या फाटतात, जागले त्यांना गाठतात, आणि जिथे पोचतात तिथली जमीन बरड निघते. हजारोंतली एखादी रुजते. स्तनाच्या कॅन्सरला मानवणारी जमीन म्हणजे मुख्यतः हाडं, फुप्फुसं, यकृत आणि मेंदू. हाडांत काय होतं पाहा. आपलं हाड रोज थोडं झिजतं आणि रोज थोडं भरतं, झिजवणाऱ्या पेशी वेगळ्या आणि भरणाऱ्या वेगळ्या. कॅन्सरची पेशी तिथे गेली की झिजवणाऱ्यांना चिथावते. हाड झिजलं की त्यात साठवलेला पोषक रस सुटतो, तो पिऊन कॅन्सर वाढतो, आणखी चिथावतो. म्हणून स्तनाच्या कॅन्सरचे उपचार झालेल्या बाईची पाठ किंवा कंबर आठवड्यांमागून आठवडे दुखत राहिली, रात्री पडल्या पडल्याही दुखली, तर ते रोवणीचं दुखणं म्हणून सोडून द्यायचं नाही.

काही पेशी तर रुजतही नाहीत आणि मरतही नाहीत. झोपून राहतात. कधी ५ वर्षं, कधी १५ वर्षं. मग आजूबाजूची जमीन बदलली की जाग्या होतात. ऑपरेशन छान झालं, गाठ गेली, तरी डॉक्टर रोज एक गोळी ५ वर्षं घ्या, काहींना १० वर्षं घ्या म्हणतात, ते या झोपलेल्यांसाठी. ज्यांची गाठ बाईच्या अंगातल्या इस्ट्रोजेन नावाच्या रसावर पोसते त्यांना टॅमॉक्सिफेन देतात. अशा बायकांनी ५ वर्षं ही गोळी घेतली तर पुढच्या १५ वर्षांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. पण दोन वर्षांत 'आता बरी आहे' म्हणून गोळी सोडणाऱ्या कितीतरी आहेत. गोळीने अंगात गरमी होते, पाळीचा घोळ होतो, हे खरं. ते डॉक्टरांना सांगा, पण आपल्या मनाने सोडू नका.

याच ओघात बाळंतिणींसाठी दोन शब्द. अंगावर पाजणं स्तनाच्या कॅन्सरपासून थोडंफार राखतं, ते आम्ही नेहमी सांगतो आणि पुन्हा सांगतो. पण दूध आटल्यावर स्तन जेव्हा आपल्या पहिल्या रूपाकडे परततो, तेव्हा आतलं सगळं मोडून पुन्हा बांधलं जातं. सफाईवाल्या पेशी येतात, धागे विणले जातात, जखम भरताना होतं अगदी तसंच. त्या काळात आत कुठे कॅन्सर असेल तर त्याला आयती तयार जमीन मिळते. बाळंतपणानंतरच्या ५ ते १० वर्षांत निघालेला कॅन्सर पसरण्याकडे जास्त झुकतो असं दिसलं आहे. असं होणाऱ्या बायका थोड्याच. पण तरुण आईच्या गाठीला सगळेच 'दुधाची गाठ' म्हणून सोडून देतात. दुधाची गाठ दूध उतरलं, शेक घेतला की जाते. दोन-तीन आठवड्यांत गेली नाही तर दाखवायची, बाळ अंगावर असलं तरी.

पाळी गेलेल्या बायकांच्या बाबतीत चरबीचं थोडं सांगतो. पाळी गेल्यावर बीजकोशातलं इस्ट्रोजेन आटतं, पण चरबी थोडं थोडं तयार करत राहते, स्तनातलीसुद्धा. म्हणून त्या वयात पोट सुटणं बरं नाही. पण रानावनात हिंडणाऱ्या, आधीच हाडाडलेल्या आमच्या मैत्रिणींनी हे ऐकून जेवण कमी करायचं नाही.

आता सुईकडे येऊ. सुईने तपासलेल्या बायका तपासणीमुळे लवकर दगावतात असं दिसलेलं नाही. उलट ती सुई लावल्याशिवाय हे कळतच नाही की गाठ कॅन्सरची आहे का, असली तर इस्ट्रोजेनवर पोसणारी आहे का, की ट्रिपल निगेटिव्ह आहे. औषध त्यावर ठरतं. मग लोकांना का वाटतं की सुई लावली आणि पसरली? कारण बाई सुई लावायला जाते तीच उशिरा. रोग आधीच पसरलेला असतो, तपासणीत तो कळतो, आणि दोष सुईच्या माथी जातो. आमच्या मावशीच्या काखेतली गाठही तिच्या सुईआधीची होती.

आणि ऑपरेशन? इथे आम्ही तुम्हाला अर्धं सांगून समजूत घालणार नाही. गाठीला हात लागतो, कापाकापी होते, तेव्हा आजूबाजूची जमीन चाळवते आणि काही पेशी सुटू शकतात, ही शंका डॉक्टरांनाही होती. आणि त्या शंकेवर आपल्याच महाराष्ट्रात काम झालं. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ पासून देशातल्या ११ कॅन्सर केंद्रांत मिळून १६०० बायकांवर एक अभ्यास केला. ज्यांची गाठ आधी केमो न देता थेट काढता येण्यासारखी होती अशा या बायका. त्यांतल्या निम्म्यांना नेहमीसारखं ऑपरेशन. उरलेल्या निम्म्यांना ऑपरेशनच्या ७ ते १० मिनिटं आधी गाठीच्या चारी बाजूंनी, वर आणि खाली, बधिर करणारं इंजेक्शन दिलं. लिग्नोकेनच, जे दात काढताना हिरडीत देतात. गाठीत नाही दिलं, गाठीच्या शेजारात दिलं. मग ऑपरेशन.

२०२३ मध्ये त्याचे आकडे छापून आले. ५ वर्षांनी साध्या ऑपरेशनच्या गटात १०० पैकी सुमारे ८६ बायका जिवंत होत्या. इंजेक्शनच्या गटात सुमारे ९०. शंभरामागे चार बायका म्हणजे आमच्यासारख्या छोट्या गावात चार घरं. औषध स्वस्त, कुठल्याही ऑपरेशन थिएटरमध्ये असणारं. ते नेमकं कसं काम करतं यावर अजून शोध चालू आहे. डॉक्टरांचा कयास असा की पेशींच्या अंगावर ज्या बारीक खिडक्यांमुळे त्या हलतात-सरकतात, त्या या औषधाने काही काळ बंद होतात. हा एवढा मोठा अभ्यास अजून एकच आहे, आणि ज्यांना आधी केमो लागतो त्यांच्यावर तो झालेला नाही. तुमच्या किंवा तुमच्या बहिणीच्या ऑपरेशनची वेळ आली तर डॉक्टरांना विचारायला काय हरकत आहे? "गाठीभोवती भुलीचं इंजेक्शन देता का?" असं साध्या शब्दांत विचारा.

आणि यातला दुसरा आकडा विसरू नका. इंजेक्शन नसलेल्या गटातही शंभरातल्या ८६ जणी ५ वर्षांनी होत्या. कापल्याने कॅन्सर पसरून माणूस मरतं हे खरं असतं, तर हा आकडा असा आला नसता. गाठ तशीच ठेवली तर ती रोज पेशी सोडत राहते, रोज नवी जमीन नांगरत राहते.

एक मात्र खरं, कापणं कुठेही आणि कसंही नको. गाठ आहे ना, मग काढून टाकू, असं म्हणून न तपासता कापली, अर्धी राहिली, आणि काढलेला तुकडा तपासायला पाठवलाच नाही, असं आमच्या भागातल्या बायकांच्या बाबतीत घडलेलं आम्ही ऐकलं आहे. आधी सुई, मग अहवाल, मग ठरवून ऑपरेशन, हा क्रम. काढलेला तुकडा तपासायला गेलाच पाहिजे, आणि अहवालाचा कागद तुमच्या पिशवीत राहिला पाहिजे. गाठीवर चुना, बिब्बा, गरम लेप, डाग हे तर नकोच. त्याने कातडी भाजते, पिकते, आणि ऑपरेशन आणखी पुढे जातं.

जमिनीवरचे आणखी उपचारही आहेत. पाळी गेलेल्या बायकांना हाडं राखणारी काही इंजेक्शनं दिली तर कॅन्सर हाडांत परतण्याचं प्रमाण कमी होतं. ते देण्याआधी दात तपासून घेतात, कारण त्या औषधावर असताना दात काढला तर जबड्याला त्रास होऊ शकतो.

बी पडण्याआधी किंवा निदान धुरा फुटल्या फुटल्या कळावं, यासाठी काय हातात आहे? टाटा मेमोरियलनेच १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायकांमध्ये एक काम केलं. मशीन नाही, काही नाही. शिकवून तयार केलेल्या बायका दर दोन वर्षांनी येऊन हाताने स्तन तपासायच्या, अशा चार फेऱ्या. २० वर्षांनी हिशोब केला तेव्हा ज्यांना हाताने तपासलं त्यांच्यात रोग लवकरच्या अवस्थेत सापडत होता, आणि ५० वर्षांवरच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी होते. पन्नाशीच्या आतल्यांत मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही, तेही सांगून ठेवतो. आज आपल्या उपकेंद्रात, आरोग्य मंदिरात ३० वर्षांवरच्या बाईची अशी तपासणी करायची सोय सरकारी कार्यक्रमात आहे. आशाताई फॉर्म भरायला येते तेव्हा 'मला काही नाही' म्हणून तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवू नका.

परत पाठवण्याची आपली सवय जुनी आहे. पेजेटचा लेख लंडनच्या 'लॅन्सेट' नावाच्या डॉक्टरी साप्ताहिकात आला होता. त्याच 'लॅन्सेट'मध्ये शंभर वर्षांनी, जानेवारी १९८९ मध्ये, आपल्या गडचिरोलीच्या बायका आल्या. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या. ९२ टक्के बायकांना अंगावरचं काही ना काही दुखणं होतं, आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. ते दुखणं वेगळं, ओटीपोटाचं. पण सोसायची रीत तीच.

गाठ सापडली तर जिल्हा रुग्णालयात दाखवा. पुढे जावं लागलं तर नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे, वर्ध्याकडे सेवाग्राम आणि सावंगी आहे. सिरोंचा-भामरागडच्या बायकांना हा पल्ला किती लांबचा ते आम्हाला ठाऊक आहे. जाताना रेशनकार्ड आणि आधार कार्ड घ्या, आणि रुग्णालयात पोचल्यावर आधी 'आरोग्यमित्र' कुठे बसतात ते विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, शेक बसतो, पण त्याचे कागद सुरुवातीलाच व्हावे लागतात. गटाच्या बचतीतून गाडीभाडं उसनं द्यायचा ठराव काही गटांनी केला आहे. तुमच्या पुढच्या बैठकीत तो घेता येईल.

आमच्या मावशीचा केमो झाला, ऑपरेशन झालं, शेक झाला. आता ती रोज रात्री जेवणानंतर टॅमॉक्सिफेनची गोळी घेते आणि रिकाम्या पाकिटांची चळत देवळीत ठेवते, मोजायला. या वर्षी मोहाच्या दिवसांत तपासणीची तारीख आली. मोह तिच्या सुनेने वेचला, मावशी पहाटेच्या एसटीने नागपूरला गेली. तिने आम्हाला सांगितलंय की ज्या कुणाला सुईची भीती वाटते तिला माझ्या घरी पाठवा, मी बोलते तिच्याशी.